जिराफाच्या शेपटीला दिवा

आमच्या कॉल सेंटरमध्ये वॉशिंग मशीनच्या तक्रारी यायच्या. मग एका सोमवारी आमच्या सुपरवायझर बाईंनी सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं की आजपासून आपण भावनांचं काम करतो. या बाईंना आम्ही होल्ड मॅडम म्हणतो, कारण काहीही विचारलं की त्या "एक मिनिट थांब" म्हणतात आणि निघून जातात.

झालं होतं असं. ‘जिराफ’ नावाच्या अवाढव्य ॲनिमेशन स्टुडिओनं ‘काजवा’ नावाचा छोटा ॲनिमेशन स्टुडिओ गिळला होता. ढेकर देण्याआधी जिराफनं जाहीर केलं की हे विलीनीकरण आहे, आणि चाहत्यांच्या मताला आम्ही फार किंमत देतो. ती किंमत परवडावी म्हणून त्यांनी सर्वांत स्वस्त कॉल सेंटर शोधलं. ते आम्ही.

काजवावाले हातानं चित्रं काढायचे. त्यांचा एक सिनेमा यायला वर्षानुवर्षं लागत आणि त्यात एक म्हातारी दहा मिनिटं विहिरीतून पाणी काढी. चाहते ढसाढसा रडत. जिराफवाले कॉम्प्युटरवर काम करायचे. त्यांचा दर सुट्टीत एक सिनेमा, त्यात एक बोलणारी लिफ्ट, आणि शेवटी लिफ्टसकट सगळे नाचत. चाहते इथेही रडत, पण हसता हसता. दोन्हीकडचे चाहते एकमेकांच्या सावलीला उभे राहत नसत. आता ते सगळे एकाच नंबरवर फोन करू लागले.

अडचण एवढीच होती की आमच्या कॉम्प्युटरमध्ये अजून वॉशिंग मशीनच होतं. तक्रारीचा प्रकार निवडल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही, आणि प्रकार होते: पाणी गळते, आवाज करते, ड्रम फिरत नाही, दार अडकले, कपड्यांचा रंग गेला. ‘इतर’ हे बटण पूर्वीच काढून टाकलं होतं, कारण आम्ही सगळं ‘इतर’मध्येच ढकलायचो. काय करायचं म्हणून होल्ड मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, एक मिनिट थांबा. अजून थांबलोय.

मग आमचं आम्हीच ठरवलं. रडणाऱ्याला ‘पाणी गळते’. शिव्या देणाऱ्याला ‘आवाज करते’. "आता पूर्वीची मजा राहिली नाही" म्हणणाऱ्याला ‘कपड्यांचा रंग गेला’. एक बाई म्हणाल्या, बातमी वाचल्यापासून मी जागची हललेली नाही. त्यांना ‘ड्रम फिरत नाही’.

सगळ्यात जास्त फोन विलीन झालेल्या स्टुडिओच्या नव्या बोधचिन्हावरून आले. त्यात एक जिराफ होता आणि त्याच्या शेपटीखाली दिवा लागलेला होता.

"त्याच्या मागून उजेड का येतोय?" एक काजवावाला.

"सर, काजव्याचा उजेड मागूनच येतो."

"काजव्याचा येतो. जिराफाच्या मागून काय येतं ते मी प्राणिसंग्रहालयात बघितलंय."

पुढचा फोन जिराफवाल्याचा. "एवढा उंच प्राणी आमचा! दिवा लावायचाच तर डोक्यावर लावा ना. विमानांना तरी उपयोग होईल."

दोघांनाही मी म्हणालो, "नक्कीच, सर." हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ‘नक्कीच, सर’ म्हणायचं. म्हणजे अर्धा राग जागीच निवतो.

‘पाणी गळते’ निवडलं की आपोआप मेकॅनिक घरी जातो, हे मात्र आमच्या डोक्यातून गेलं होतं. पहिल्याच आठवड्यात मेकॅनिक पान्याची पिशवी आपटत आला. "अरे, मशीन ठणठणीत होतं. पण तो माणूस इतका रडत होता, की काहीतरी बदलणं भाग होतं. पाइप बदलला."

"मग?"

"मग थांबला रडायचा."

चाहत्यांमध्ये बोभाटा झाला, की कंपनी भावना समजून घ्यायला घरी माणूस पाठवते. रडणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली. आमची तारीफ करणारं पत्र जिराफकडून आलं. पाइप संपले.

मला हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण मी टेंपररी होतो. नियम असा, की महिनाअखेरीस ज्याच्या नावावर एकही तक्रार उघडी नसेल, तोच कायम होणार. आणि तक्रार बंद व्हायला ग्राहकानं स्वतःच्या तोंडानं, रेकॉर्डिंगवर, "समाधान झालं" म्हणायला हवं. मी कायम होणं माझ्यापेक्षा तिला हवं होतं. ती म्हणजे जिच्याशी मला लग्न करायचं होतं. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. तिच्या बाबांचं चष्म्याचं दुकान आहे आणि त्यांनी बजावलं होतं, आधी कायम हो, मग विषय काढ.

बाबांना मी मुळात पसंत नव्हतो. नोकरीचं निमित्त होतं. खरं कारण असं, की ते काजवावाले. लेकीला त्यांनी मांडीवर बसवून म्हातारीची विहीर दाखवली होती. काजवाच्या प्रत्येक सिनेमाचा पहिला खेळ बापलेक मिळून बघायचे. आणि आमची दोघांची ओळख झाली ती जिराफच्या सिनेमाला.

"लिफ्ट बघायला गेली होतीस?" ते तिला म्हणाले होते. "आमचेच संस्कार कमी पडले."

महिना संपत आला तेव्हा माझ्या नावावर एकच तक्रार उरली. ती त्यांची.

पहिल्याच फोनला मी ओळखलं होतं. घसा खाकरून "हं, बोला" असं धमकावणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे, आणि त्याच्यासमोर मी नेहमी सोफ्याच्या टोकावर बसलेला असतो. मी ताबडतोब ट्रेनिंगमधला आवाज काढला आणि त्यांना ‘दार अडकले’मध्ये टाकलं. आमच्यापैकी ज्यानं तक्रार नोंदवून घेतली त्याच्याकडेच त्या ग्राहकाचा पुढचा फोन येतो. ते रोज दुकान उघडायच्या आधी फोन करायचे, विलीनीकरणावर मत द्यायचे आणि समाधान न होता ठेवून द्यायचे.

मी मेकॅनिक पाठवला. तो चष्मा लावून परत आला. "नंबर वाढलाय म्हणाले माझा," तो म्हणाला. "बरं दिसतंय पण."

मग मी तिला साकडं घातलं. "बाबांना सांग ना, दोन शब्द म्हणा म्हणावं."

"मी बोलून चुकलेय. काजवाच्या बाबतीत ते माझ्याही बापाचं ऐकणार नाहीत."

"तू कुणाच्या बाजूची आहेस?"

"मी दातांच्या. मधला दात बसवायचा तर शेजारचे घासावे लागतात. कोणी घासून घ्यायचं ते तुम्ही दोघं बघा, मला मध्ये घेऊ नका."

शेवटच्या दिवशी होल्ड मॅडम हेडफोन लावून माझ्या शेजारीच येऊन बसल्या. फोन वाजला.

"हं, बोला."

"सर, आपलं समाधान होण्यासाठी आम्ही काय करू शकतो?"

"काही करू शकत नाही. मोठा लहानाला घेतो तेव्हा काय होतं, सांगू? आधी म्हणतात, तुमचं नाव तसंच राहील. मग नाव खाली जातं, बारीक अक्षरात. मग म्हणतात, वेगळी इमारत कशाला, इकडेच या. मग जुन्या माणसानं फोन केला तर कुणीतरी तिसराच उचलतो आणि म्हणतो, ती कामात आहे, नंतर करा."

"सर, स्टुडिओत असं कोणी..."

"स्टुडिओ गेला खड्ड्यात. मी माझ्या मुलीचं बोलतोय. पोरगा जिराफवाला आहे."

होल्ड मॅडमनी माझ्याकडे बघितलं. माझा ट्रेनिंगमधला आवाज कुठे गेला ते मला कळलं नाही.

"काका, मीच बोलतोय."

"माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तो आवाज काढतोस तेव्हा सर्दी झालेल्या बेडकासारखा वाटतोस."

"मग महिनाभर का छळलंत?"

"छळलं कुठे? मत दिलं. तुम्हीच मागितलं होतं."

"काका, माझी नोकरी यावर अडलीय. म्हणून टाका ना, समाधान झालं."

"खोटं बोलू? रेकॉर्डिंगवर?" ते खरोखर दुखावले. मागे दुकानाचं शटर वर गेल्याचा आवाज आला. मग काच पुसल्याचा चुईचुई आवाज आला. "हे बघ. जिराफवाले माझं ऐकणार नाहीत, एवढं कळतं मला. मी चष्मे विकतो, आंधळा नाही. पण निदान एक विलीनीकरण धड झालेलं मला मरायच्या आधी बघायचंय. त्यांचं नाही तर तुमचं. अटी ऐकतोस?"

"नक्कीच, सर."

"काका म्हण."

"नक्कीच, काका."

"एक. तिचं नाव आहे तेच राहील. वर. मोठ्या अक्षरात."

"नक्कीच."

"काजवाचं जे काही उरलं असेल, त्याचा पहिला खेळ ती आणि मी बघणार. दोघंच. तू बाहेर उभा राहा, नाहीतर लिफ्टमध्ये जा."

"नक्कीच." ही अट तर मी आनंदानं मान्य केली. दहा मिनिटं विहीर मला झेपली नसती.

"आणि शेवटची. लहान स्टुडिओ स्वतःची इमारत सोडणार ना—"

"नक्कीच, काका."

"पूर्ण ऐक, गाढवा. सोडणार नाही. मोठ्या स्टुडिओनं इकडे यायचं. आपलं सामान घेऊन."

होल्ड मॅडम जोरजोरात मान हलवत होत्या. हो म्हणून की नको म्हणून ते त्यांनाही ठरवता येत नसावं. मी मात्र महिनाभर दिवसाला शंभर वेळा एकच शब्द म्हटला होता. तोंडाला दुसरा येतच नव्हता.

"नक्कीच, काका."

"शाबास," ते म्हणाले, आणि आवाज असा मऊ झाला की क्षणभर मला वाटलं, फोन दुसऱ्याच कुणी घेतला. "झालं माझं समाधान. लिहून घे."

मी कायम झालो. तिला फोन केला तेव्हा ती आधी आनंदानं ओरडली, मग तिसरी अट ऐकली, आणि मग इतका वेळ हसली की लॅबमधल्या कुणीतरी येऊन काय झालं ते विचारलं. "काही नाही," ती त्याला म्हणाली, "घरजावई मिळाला."

"तुला चालेल?" मी विचारलं.

"मला काय, मी कुठे जातेय? बाबांनी तुझ्यासाठी कपाटातला एक कप्पा रिकामा केलाय. सकाळीच."

"सकाळीच? फोनच्या आधी?"

"कालपासून आवरत होते. चष्म्याच्या रिकाम्या डब्या होत्या त्यात. तीन वेळा बाहेर काढल्या आणि दोन वेळा परत ठेवल्या."

आता घरी सांगायचं होतं. आई रडेल, निदान थोडी तरी, अशी माझी अपेक्षा होती. मी मुद्दाम हळूहळू सांगितलं. नोकरी, लग्न, आणि मग खाली मान घालून घरजावई. आईनं सगळं शांतपणे ऐकलं, उठून माझ्या खोलीच्या दारात गेली आणि नजरेनं भिंती मोजायला लागली.

"कायमचा जातोयस ना?" ती म्हणाली. "त्यांना नीट विचारून घे. नाहीतर मी इथे शिलाई मशीन लावायची, आणि तू टेंपररी गेल्यासारखा परत यायचास."