शिंपल्यांची वाट

ग्वाकने मोजपट्टी उलगडली, घरामागे इकडून तिकडे पाहिलं आणि मोजण्यासारखं काहीच दिसेना, म्हणून ती गुंडाळून पुन्हा खिशात घातली. समोर लसणीचा वाफा होता. वाफ्यापलीकडे कंबरेएवढा दगडी गडगा, आणि गडग्यापलीकडे बोकनामताईचं घर.

"आजी, शिंपल्यांचा ढीग कुठाय?"

मालजाने खुरपी उगाच या हातातून त्या हातात घेतली. "नाहीये."

"असं कसं? गुलपो गावात घराघरामागे आहे."

"माझ्या नाही."

ग्वाक विम्याच्या लोकांनी पाठवलेला पाहणीदार. गेल्या थंडीत तेलाचं एक जहाज गावासमोरच्या खडकावर चढलं, आणि भरतीबरोबर जे काळं आलं ते किनाऱ्याच्या खडपांवरून अजून पुरतं निघालं नव्हतं. कायदा जहाजमालकाच्या मानगुटीवर बसला होता, हे खरं. सांडलं त्याने, भरून द्यायचं त्याने, म्हणजे त्याच्या विम्याने. पण किती बुडालं ते बुडालेल्याने दाखवायचं, हेही त्याच कायद्यात होतं. आता कालवं काढणाऱ्या बायका दाखवणार काय, कपाळ? ओहोटीला खडपावर जायचं, आकडीने कालवं सुटी करायची, घरी आणून फोडायची आणि गर व्यापाऱ्याच्या हवाली करायचा. तो हातावर रोख ठेवून जायचा. पावती कसली नि काय. शेवटी तोड ग्वाकनेच काढली होती. गर गेला तरी शिंपले घरामागेच पडतात ना, मग ते मोजू.

पोरगा वाईट नव्हता. बायकांना आजी म्हणायचा, दारात बूट काढायचा.

"कुठे टाकलेत तरी सांगा," तो म्हणाला. "काहीतरी दाखवायला हवं. नुसतं तुमच्या शब्दावर वरचे लोक नाही मानायचे."

"समुद्रात टाकले."

"सगळे?"

"समुद्रातून आणलेले, समुद्रात टाकले. त्यात काय एवढं?"

मालजाचा दावा फेटाळला गेला, तर पुढे काय ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. खडपं पुन्हा कालवं धरेपर्यंत वर्षं जाणार. तोवर एकटीने खायचं काय? मग इंचनला मुलाकडे. मुलगा चांगला, सूनही चांगली, पण घर चौदाव्या मजल्यावर. एकदा ती तिथे आठवडाभर राहून आली होती. आल्या आल्या पिशवी दारात टाकून आधी खडपावर गेली आणि अंधार पडेपर्यंत परतली नाही.

"समुद्रात नाही टाकले तिने."

गडग्याला हात टेकून बोकनामताई उभी होती. पाठीत वाकलेली, डोक्याला रुमाल, चेहऱ्यावर नेहमीची आठी.

"ताई, तू आत जा," मालजा म्हणाली.

"माझ्या घरात मी कधी जायचं ते मी बघेन. साहेब, सकाळी माझ्याकडे येऊन गेलात ना तुम्ही? कशावरून चालत आलात?"

ग्वाकने खाली पाहिलं. त्याच्या काळ्या बुटांवर पांढरी भुकटी बसली होती.

गावात ती वाट सगळ्यांच्या ओळखीची. रस्त्यापासून बोकनामताईच्या दारापर्यंतची जागा सखल, बाराही महिने चिखल. त्यावर शिंपल्यांचा जाड थर पडला होता आणि पायाखाली तो करकर वाजायचा. ताईच्या यजमानांची नजर गेली, त्याच सुमाराला ही वाट झाली. पाय वाजतोय तोवर बरोबर, वाजायचा थांबला की चिखल, एवढ्या हिशेबावर ते गृहस्थ मरेपर्यंत एकटे रस्त्यावर जात-येत राहिले. गावाने घातली असेल, असं सगळे म्हणायचे. गावप्रमुखानेही कधी नाही म्हटलं नाही.

"ते तुमचेच असतील," ग्वाक म्हणाला.

"माझे माझ्या घरामागे आहेत. वळचणीला टेकलेत. उद्या मोजालच." ताईने मालजाकडे पाहिलंच नाही. "हिचे हिच्या घरामागे का नाहीत, ते मी सांगते. पहाटे टोपली घेऊन यायची आणि ओतून जायची. ओतताना आवाज होऊ नये म्हणून हातानेच पसरायची. शिंपले कुठे गप्प बसतात?"

मालजा वाफ्यात वाकली आणि तण उपटू लागली. तण कालच काढून झालं होतं.

"आम्ही दोघं आत जागे असायचो," ताई सांगत राहिली. "मी उठायला लागले की हे माझा हात धरायचे. म्हणायचे, पडून राहा. तू बाहेर गेलीस तर ती उद्यापासून यायची नाही. मग काय, पडून राहायचो. इतकी वर्षं झोपेचं सोंग केलं आम्ही, साहेब. लिहा."

ग्वाकने लिहिलं नाही. तो मालजाकडे पाहत होता.

"आजी, मग सांगितलं का नाहीत?"

"दिलेलं परत मागायचं का?" मालजा मान वर न करता म्हणाली. "आणि तेही जहाजवाल्याला दाखवायला?"

बोकनामताईला काही देणं ही मुळातच सोपी गोष्ट नव्हती. वाडगाभर किमची पाठवली, तर संध्याकाळच्या आत वाडगा परत यायचा, वर दुप्पट सुकी मासळी. यजमानांची नजर गेल्यावर गावाने तांदूळ पाठवले, तर ती पोत्याहून मोठं पोतं घेऊन दारोदार फिरली. तिच्याशी कोण पुरं पडणार? शेवटी माणसं पाठवायची थांबली. शिंपले तेवढे असे होते की ते दिले, हे कुणाला म्हणता येत नव्हतं, आणि परत करायचे तर कुठे नि कसे.

"खणून बघावं लागेल," ग्वाक जरा ओशाळून म्हणाला. "एकाच ठिकाणी. थर किती खोल आहे ते कळायला हवं."

ताईने स्वतः कुदळ आणली. दाराच्या अलीकडे, वाट जिथे वळते, तिथे ग्वाकने खणलं. वरचे शिंपले पांढरे फटक, खालचे करडे, त्याखालचे जुने, मातीत रुतलेले. हात कोपरापर्यंत आत गेला तेव्हा चिखल लागला. ग्वाकने मोजपट्टी सोडली, आकडा लिहिला, मग वाटेची लांबी घेतली, रुंदी घेतली. बराच वेळ लिहीत होता.

"मी माझ्याकडून लिहून देतो," तो निघताना म्हणाला. "साक्षीदार म्हणून यांचं नाव घालतो. पुढचं वरचे ठरवतील. पण आता दाखवायला काहीतरी आहे."

तो गेल्यावर दोघी खड्ड्याशी उभ्या राहिल्या.

"तू कधी बोलली का नाहीस?" मालजाने विचारलं.

"वाडगा असता तर भरून पाठवला असता. याचं काय पाठवू?" ताई म्हणाली. "हे जायच्या आदल्या दिवशी म्हणाले, तिचं राहिलंय हं. मी म्हटलं, माहीत आहे."

मालजाने डोळ्यांना बाही लावली आणि खड्ड्याकडे बोट केलं. "हा बुजवायला हवा. आता माझ्याकडे एक शिंपला नाही."

ताई घरामागे गेली. परत आली ती दोन्ही हातांनी बादली उचलून, थांबत थांबत. बादली तिच्या ढिगातून भरलेली होती.

"अगं ताई, उद्या तुझा ढीग मोजणार आहेत."

"मोजू देत. बादलीभर कमी भरेल."

तिने बादली खड्ड्यात उपडी केली. पुरलं नाही. ती दुसरी घेऊन आली, मग तिसरी. मालजा मदतीला वाकली तर तिने हात बाजूला सारला आणि स्वतःच पसरून पायाने दाबलं. मग बाजूला झाली.

"चाल," ती म्हणाली. "डोळे मिटून चाल."

मालजाने डोळे मिटले. रस्त्याकडे तोंड करून ती एकेक पाऊल टाकत निघाली. करकर, करकर. वळणावर येताच पाऊल थोडं अडखळलं, मग पडलं.

"वाजतंय का?" मागून ताईने विचारलं.

"वाजतंय."