निळ्या झाकणाची डबी

अंकिताने ओल्या गोणपाटाची गुंडाळी अंगणात उलगडली आणि वर न बघताच म्हणाली,

"मामाजी, कमी उगवलं."

तिचे सासरे बबनराव शेजारी उकिडवे बसले. दरवर्षी पेरणीआधी ते सोयाबीनचे दाणे ओल्या गोणपाटात ओळीने मांडून ठेवत. किती दाण्यांना मोड येतात ते बघायचं, मगच पोतं वावरात न्यायचं. आज निम्म्याहून जास्त दाणे नुसते फुगून बसले होते. त्यांनी एक दाणा चिमटीत दाबून पाहिला. त्याचा लगदा झाला.

"बियाणं बाद हाय. वापस करा लागते. वावर कायले वाया घालवाचं?"

ओसरीवर सासू आनंदाबाई बॅग भरत होत्या. बॅग अंकिताची होती. सकाळीच तिच्या वडिलांना आर्वीला फोन गेला होता, या आणि लेकीला घेऊन जा. लग्नाला इतकी वर्षं झाली, मूल नाही, तर आता मुकेशसाठी दुसरी मुलगी बघायची असं घरात ठरलं होतं. ठरवताना अंकिताला कुणी विचारलं नव्हतं. मुकेशला विचारलं होतं, आणि तिचा हा नवरा मान खाली घालून बसला होता. आताही तो दाराशी मोबाइलमध्ये तोंड खुपसून तसाच बसला होता.

"कोन्त्या साड्या नेतं?" आनंदाबाईंनी विचारलं.

"कोन्त्याच नाई. मी जात नाई."

"अवो, तुहे बाबा येऊन राह्यले."

"येऊ द्या. जेवून जातीन."

आनंदाबाईंचा हात बॅगेतच राहिला. या घरात सून असं पहिल्यांदाच बोलत होती. खरं तर बोलायची वेळ केव्हाच येऊन गेली होती. ती ओळखायला आपल्याला एवढा उशीर लागला, याचाच अंकिताला राग होता.

"काऊन अशी करतं वो? दवाखाने झाले, गंडेदोरे झाले, आता काय राह्यलं?"

"माहे झाले, आई." अंकिता उठून उभी राहिली. "माही गर्भपिशवी पाह्यली, नळ्या पाह्यल्या. बीज दर महिन्याले तयार होते, बराबर सुटते. डॉक्टरीनबाई तुमच्याच समोर बोलल्या. पन एकट्या बाईच्या बीजानं पोर होत नाई. मानसाचं बीज त्याले येऊन भेटा लागते. ते किती हाय, जितं हाय का, चालते का, याची बी तपासणी असते. सुई नाई, टाका नाई. डबीत द्याचं असते, बस. डबी देल्ली होती यायच्या हातात. निळ्या झाकनाची." तिने मुकेशकडे बोट दाखवलं.

मुकेशने मोबाइल पालथा घातला.

"बाबासमोर काय बोलून राह्यली तू? लाज हाय का नाई?"

"माही तपासणी चालू होती तवा तुमी बाहेर भजे खात होते. मले कोनं इचारलं, लाज वाट्टे का म्हून?"

बबनराव उठले आणि खाली बघत घरात गेले. म्हाताऱ्याला हे ऐकवेना, असं आनंदाबाईंना वाटलं, आणि अंकितालाही क्षणभर तसंच वाटलं.

"कुठी हाय मंग डबी?" तिने विचारलं.

"हरपली," मुकेश म्हणाला.

"हेच का?"

बबनराव दारात उभे होते. हातात निळ्या झाकणाची डबी, आणि तिच्यात गच्च भरलेलं दोडक्याचं बी.

"गोठ्यामांगं पडली होती. कोरी डबी, पक्कं झाकन. म्या बी भरून ठेवलं."

घट्ट झाकणाची डबी दिसली की तिच्यात बी भरायचं, ही त्यांची जुनी खोड. अंकिताला हसू फुटलं आणि तिने ते अजिबात दाबलं नाही.

"तुमी कायले मधात पडता?" आनंदाबाई म्हणाल्या.

बबनरावांनी टोपी काढून दोडक्याचं बी तिच्यात ओतलं. डबी धोतराच्या सोग्याला पुसली आणि मुकेशच्या पुढ्यात ठेवली.

"ते नाई चालत, मामाजी," अंकिता म्हणाली. "तिथं नवी देते. यायले तेवढं न्या लागते."

बबनराव थोडा वेळ अंगणातल्या गोणपाटाकडे बघत राहिले. मग लेकाला म्हणाले,

"उठ. गाडी काढ. पोतं वापस कराले वर्ध्याले जाचंच हाय, दवाखाना बी तिथंच हाय. मी बी येतो."

अंकिताने आपली बॅग उचलून आत नेली. परातीत कणीक घेतली, वडिलांच्या वाटणीची आणखी दोन मुठी घातली आणि मळायला बसली. बाहेर मोटरसायकलला एक किक बसली, ती वाया गेली. दुसरीही गेली. तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली, तेव्हा तिने हात धुतले आणि तवा ठेवला.