पूर्णेतली मरळ आणि मी

मी गुरामी बोलतोय. तळहाताएवढा, चपटा, एका डोळ्याचा मासा. दुसरा डोळा एकसष्ट साली अकोल्यात गेला, त्याचीच ही हकीकत.

माझा जन्म कलकत्त्याकडच्या तळ्यातला. पत्र्याच्या डब्यात डुचमळत आगगाडीनं आलो आणि मोरोपंत वकिलांच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीत पडलो. पेटीची हौस वकिलांची, निगा त्यांच्या बायकोची, प्रमोदिनीबाईंची. आमची निवडही त्यांचीच: मी, माझी जोडीदारीण आणि चार बोटभर काळ्या मासळ्या, मोल्या. "पेटी लहान आहे," त्या म्हणायच्या, "दांडगा मासा एकही नको. बाकीच्यांनी पळावं कुठं?"

एका रविवारी वकिलांचे दोस्त पंजाबराव आले. हातात लोटा, लोट्यात पूर्णा नदीतली मरळ.

"वकीलसाहेब, हे शोभेचे मासे काय पाहून राहिले? आता पाहा खरा तमाशा!"

"अहो, नको," बाई नवऱ्याला म्हणाल्या. "ती सगळ्यांना खाईल."

"तेच तर पाहायचं आहे." वकिलांनी हसत लोटा पेटीत उपडा केला.

पहिली मोली गेली तेव्हा मला नुसता पाण्याचा धक्का जाणवला. दुसरीचं अर्धंच अंग तळाशी आलं. बाहेर खुर्च्या पुढे सरकल्या, टाळ्या पडल्या. मी पाणवेलीत घुसलो. जोडीदारीण मागे राहिली. मरळीनं तिचं पोट जबड्यात धरलं आणि काचेवर आपटू लागली. मी मधे गेलो. तिथेच डोळा गेला.

बाईंनी पाण्यात हात घातला. वकिलांनी मनगट पिरगाळलं. "चार माणसांत माझी शोभा करतेस?" म्हणत कानशिलात मारली. बांगड्या फुटल्या, काच मनगटात शिरली. पाणी तांबडं झालं.

बाई आत गेल्या, खलातला लोखंडी बत्ता घेऊन आल्या आणि पेटीवर घातला.

पाण्याबरोबर आम्ही फरशीवर आलो. पंजाबराव धोतर सावरत खुर्चीवर चढले. "अबे, बाई येडी झाली!" मरळ त्यांच्या वहाणांत तडफडत होती. वकील धावून आले, तसा बाईंनी बत्ता पुन्हा उचलला.

"पुढे आलात तर डोक्यात घालीन."

ते जागीच थिजले. बाईंनी काचांतून मला वेचलं, डब्यातल्या पाण्यात टाकलं आणि तशाच अमरावतीला बहिणीकडे, विमलताईंकडे निघाल्या. माझी जोडीदारीण फरशीवरच राहिली.

आता बाई मुलींच्या शाळेत शिकवतात. मी अंगणातल्या दगडी हौदात असतो. आंधळ्या बाजूनं कोणी आलं की अजून दचकतो. मध्यंतरी वकील बाईंना न्यायला आले होते. त्यांची सावली पाण्यावर पडली आणि मी तळ गाठला.

"झालं गेलं विसर. चल घरी."

धुणं पिळता पिळता बाई म्हणाल्या, "चहा घ्या, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जा."

चहा न घेताच ते गेले.

परवा बाईंनी एक गुरामीण आणली. तिला बरणीत ठेवून बरणी हौदात सोडली आहे. काचेपलीकडून ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. "घाई नाही," बाई म्हणतात, "पटलं तरच सोडू."

माणसांनो, कोणालाही कोणाबरोबर एका पाण्यात कोंडण्याआधी एवढी वाट बघत जा.