तिसरा बोल्ट

बाबांच्या हातून गाडीची चावी काढून घ्यायची, हे घरात सगळ्यांना मान्य होतं. कोणी काढून घ्यायची, इथे घोडं अडलं होतं. बाबांनी जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. डोळ्यांचा डॉक्टर त्यांचाच विद्यार्थी, चौकातला ट्रॅफिक पोलीसही त्यांचाच. बाबा समोर आले की दोघंही अजून सावरून बसतात. अशा माणसाला 'तुम्हाला दिसत नाही, आता गाडी सोडा' हे म्हणायचं कोणी? डॉक्टरने रिपोर्ट माझ्या ताईच्या हातात दिला आणि म्हणाला, "तुम्हीच सांगा." ताईने तो माझ्या हातात दिला. मी खिशात घातला.

तेवढ्यात बाबांची जुनी शिकवणीची गाडी एकाएकी गरजायला लागली. माझं गॅरेज आहे, म्हणून ती माझ्याकडे आली. बॉनेट उघडून बघतो तर धुराचा पाइप इंजिनाला जिथे बसतो, तिथले तीन बोल्ट गंजून तुटलेले. ताईला सांगितलं, तर तिला कोण आनंद झाला. गाडी मोडली म्हणून एवढी खूश झालेली बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

"तू एवढंच सांगायचं," ती म्हणाली, "बोल्ट निघत नाहीत, इंजिन गेलं. विषय संपला."

"ताई, तुटलेले बोल्ट काढायला लोक माझ्याकडे लांबून येतात."

"मग एक नाही निघाला. आभाळ कोसळतं का?"

तिला काय कळणार. दुसऱ्यांनी हात टेकलेली इंजिनं मी ताळ्यावर आणतो, त्यावरच तर माझं नाव आहे. पण गेल्या आठवड्यात बाबांनी शेजाऱ्यांच्या फाटकाला गाडी ठोकली होती आणि वर फाटकच पुढे आलं म्हणून वाद घातला होता. उद्या फाटकाच्या जागी कोणाचं पोर असलं तर? मुकाट्याने हो म्हणालो.

बाबा गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसले. डोळे गेले तरी कान शाबूत आहेत, त्यामुळे नाटक नीट वठवावं लागणार होतं. पहिल्या बोल्टचं तुटकं टोक नखभर बाहेर होतं. त्यावर नट ठेवून वेल्डिंग केलं, जरा निवू दिलं, पाना लावला. असले बोल्ट एरवी नाकी नऊ आणतात. थोडं पुढे, थोडं मागे, मध्ये तेल, परत आच, तेव्हा कुठे त्यांना दया येते. हा पठ्ठ्या लोण्यातून निघावा तसा निघाला. दुसरा त्याहून आज्ञाधारक. नको तेव्हा लोखंडाला एवढं शहाणपण कुठून सुचतं कोण जाणे.

तिसरा मात्र भोकाच्या आतच तुटला होता. म्हटलं, सुटलो. दोन-चारदा पाना खणखणवला, मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणालो, "बाबा, हा काही निघायचा नाही. जबरदस्ती केली तर इंजिनाचं हेड जाईल. गाडी आता भंगारात."

मला वाटलं, जमलं. मग बाबा उठले, चाचपडत माझ्यापाशी आले आणि खांद्यावर हात ठेवला.

"हात थरथरतो का रे?"

"नाही."

"लपवू नकोस. होतं असं. वय झालं की माणसाने कुठेतरी थांबावं. ताईशी बोलतो मी, तुझ्यासाठी काहीतरी बसून करायचं काम बघू. लोकांसमोर फजिती होण्याआधी आपणच बाजूला झालेलं बरं."

अहो, हे सगळं मी त्यांना सांगायचं होतं. रिपोर्ट हातात दिला तेव्हा ताईने माझ्याकडून अगदी असंच पाठ करून घेतलं होतं. आणि ते इतक्या मायेने म्हणाले की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हातारा? माझा हात थरथरतो?

बोल्टच्या बरोब्बर मध्यावर ठोका मारून खूण केली. ड्रिल सरळ धरून आधी बारीक भोक पाडलं, मग जाड, मग आणखी जाड. शेवटी बोल्टची नुसती साल उरली, ती चिमट्याने ओढून काढली. आतल्या आट्यांना ओरखडासुद्धा नाही. ती साल बाबांच्या तळहातावर ठेवली आणि म्हणालो, "घ्या. म्हणे थरथरतो."

नवे बोल्ट आवळले, गाडी सुरू केली. आवाज इतका कमी की बाबांनी बॉनेटवर हात ठेवून खात्री करून घेतली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की आपण काय करून बसलो.

"तिकडे बसा बाबा, घरापर्यंत मी चालवतो."

"का?" बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसत म्हणाले. "मी तुला थांब म्हणालो, तर तू थांबलास?"

मी शेजारी बसलो. शिकवणीच्या गाडीला त्या बाजूलाही एक जादा ब्रेक असतो, त्यावर पाय ठेवला तो काढलाच नाही. बाबा सवयीने, सावकाश चालवत होते आणि मी जीव मुठीत धरून बसलो होतो. चौकात सिग्नल लाल होता, पण गाडीचा वेग कमी होईना. ब्रेक मी दाबला.

जरा वेळाने, समोरच बघत, बाबांनी हळूच विचारलं, "आता कोणता आहे?"

हिरवा होता.

"लाल," मी म्हणालो.

मागून हॉर्न वाजला. मग दुसरा, तिसरा.

"अजून लालच?"

"लालच."

मागून कोणीतरी शिवी हासडली. दिवा लाल असताना मागचे असे हॉर्न मारत नाहीत, हे बाबांना कोणी सांगायची गरज नव्हती. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ते बसून राहिले. आपण खोटं बोललो याचं नाही, त्यांना ते कळलं याचं मला वाईट वाटलं.

मग त्यांनी इंजिन बंद केलं, दार उघडलं आणि बॉनेटला हात लावत, वळसा घालून माझ्या बाजूला आले.

"सरक तिकडे."

मी सरकलो. बाबा बसले, दार ओढून घेतलं आणि पाय जादा ब्रेकवर ठेवला. मी गाडी सुरू केली, गिअर टाकणार एवढ्यात त्यांनी विचारलं, "आरशात बघितलंस?"

"बघतो," मी म्हणालो.