एकेचाळिसावी जागा

लग्नाला सात आठवडे होईपर्यंत जोसिवानच्या घराबद्दल मला एवढं कळलं होतं, की कॉफी तो करतो, भांडी मी घासते आणि खिडकीजवळ उभा असलेला कीबोर्ड हा घरातला थोरला माणूस आहे. त्याच्यासाठी क्रोशाने विणलेली पांढरी चादर होती, त्याला ऊन लागू नये म्हणून वेगळा पडदा होता, आणि तो खोलीत असताना पंखा कोणत्या दिशेने फिरवायचा हेही ठरलेलं होतं. सुनेने थोरल्यांची मर्जी सांभाळावी तशी मी ती सांभाळत होते.

दर रविवारी दुपारी दोनपासून ऊन उतरेपर्यंत जोसिवान आमच्या ब्राझीलमधल्या क्रातो गावाच्या वेशीवरच्या एका बारमध्ये वाजवायचा. मार्लुसिया गायची आणि घामाने चिंब झालेली पन्नाशीची जोडपी गालाला गाल लावून नाचायची. ढोल, बास, सॅक्सोफोन, सगळा ताफा त्या एका यंत्रात. जोसिवानला जवळचं नीट दिसत नाही आणि हात वाजवण्यात गुंतलेले, म्हणून यंत्राची बटणं लग्नानंतर माझ्याकडे आली. प्रत्येक गाण्याला यंत्राच्या आठवणीत एक जागा असते: ठेका कोणता, लय किती, उजव्या हाताला कुठलं वाद्य, बोट किती हलकं पडलं तरी आवाज भरून यावा, आणि पट्टी किती वर किंवा किती खाली. चाळीस गाणी, चाळीस जागा. पट्टी म्हणजे एक आकडा. शून्य ही गाण्याची मूळ पट्टी, अधिक दोन मार्लुसियाची. श्रोत्यांतल्या एखाद्या काकांना गायची हुक्की आली, की जोसिवान त्यांच्या दोन सुरांत त्यांचा आकडा ओळखतो, मी तो लावते आणि काका खाली उतरले की पुन्हा शून्यावर आणते. आणायचं राहिलं तर पुढच्या गाण्याला सगळ्यांचा गळा बसतो आणि अख्खा बार हसतो.

म्हणून त्या मंगळवारी धूळ पुसताना यंत्र सुरू करून पाहिलं आणि एकेचाळिसाव्या, रिकाम्या असायला हव्या त्या जागेवर काहीतरी दिसलं, तेव्हा आधी मला माझीच चूक वाटली. बोलेरो नाचाचा संथ ठेका, सॅक्सोफोन, पट्टी उणे तीन. पण रविवारी कुणी पाहुणा गायला नव्हता. आणि पाहुण्याची पट्टी कुणी जपून ठेवत नाही. जपून ठेवतात ती रोजच्या माणसाची.

उणे तीन म्हणजे जरा भरदार गळ्याची बाई. मी चपलांच्या कारखान्यात सकाळी सात ते चार असते. घर तेवढा वेळ जोसिवानचं. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, मी हात लावला नाही, तूच काहीतरी दाबलं असशील. इतक्या सरळ तोंडाने म्हणाला की माझा संशय दुप्पट झाला. नव्या नवरीला संशय घ्यायचा हक्क असतो, तो बोलून दाखवायचा मात्र नसतो. मी मनाशी ठरवलं: तो कुणासाठी वाजवतो ते आधी कळू दे, आणि ती बाई निघाली तर मी जुआझेरोला आईकडे परत जाईन. बसने वीस मिनिटं; त्याहून लांब लग्न करायची मला बुद्धीच झाली नव्हती.

पुढच्या आठवड्यात तो आकडा उणे चार झाला. लय उतरली, सॅक्सोफोन जाऊन व्हायोलिनचा झुळझुळता आवाज आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात उणे पाच, आणि ढोल इतका हळू की मला कान यंत्राला लावावा लागला. गाणाऱ्याला झाकू नये म्हणून वाजवणारा आवाज उतरवतो ना, तसा. मी यंत्राला वीज देणारी वायर पर्समध्ये घालून कारखान्यात नेऊ लागले आणि चादरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चपला शिवायचा काळा दोरा ताणून ठेवू लागले. चार दिवस दोरा जागचा हलला नाही. पाचव्या दिवशी, शनिवारीही दोरा तसाच, आणि यंत्रावर उणे सहा.

तालमीला मार्लुसिया आली ती टॅपिओकाची गरम धिरडी घेऊन. जोसिवान बर्फ आणायला कोपऱ्यावर गेला, तेव्हा मी धीर करून विचारलं.

"उणे सहा?" ती हसली. "पोरी, त्या पट्टीत मी गायले तर लोक मला काका म्हणतील."

"मग कोण गातं?"

"नवऱ्याच्या भानगडी मला विचारतेस होय? सात वर्षं त्याच्या शेजारी उभी राहतेय मी. त्याला बायका कळतच नाहीत, बाई. तू कशी कळलीस याचंच मला नवल वाटतं."

मग तिने चष्मा लावून, मी आठवड्यागणिक वहीत टिपून ठेवलेले आकडे वाचले. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. तिचं चावणं थांबलं.

"बाई एकच आहे," ती म्हणाली. "माझी आईही गायची. चाळिशीपासून सत्तरीपर्यंत तिची पट्टी एवढी उतरली, याच क्रमाने. पण तिला तीस वर्षं लागली."

उरलेलं धिरडं तिने कागदात गुंडाळून ठेवलं. त्या रविवारपासून ती कीबोर्डच्या डाव्या बाजूऐवजी उजव्या बाजूला उभी राहून गाऊ लागली. कारण विचारलं तर म्हणाली, तिकडे वारा लागतो.

उणे सात. उणे आठ. यंत्राचा तळ उणे बारावर आहे, हे मी पुस्तिकेत बघून ठेवलं आणि मग पुस्तिका कपाटात वर टाकली.

उणे नऊच्या रविवारी मी सकाळीच बॅग भरून दारात ठेवली. चुलीवर भातात शेंगा शिजत होत्या. एकेचाळिसाव्या जागेत ढोल आता अजिबात उरला नव्हता. फक्त व्हायोलिन, आणि माइकचा आवाज शेवटच्या टोकापर्यंत वाढवलेला. मी जोसिवानला म्हणाले, एकेचाळीस वाजव.

"चाळीसच आहेत गं."

"वाजव तरी."

तो बसला. मी शेजारच्या खुर्चीवरून त्याचा चेहरा निरखत होते. ओळखीची एक रेघ उमटली असती तरी मला पुरे होती. उमटली नाही. तो अनोळखी घरात दिव्याचं बटण चाचपावं तसा चाचपडला, दोनदा चुकला, ओशाळून हसला, आणि माझ्या छातीवरचं ओझं इतकं हलकं झालं की मला त्याच्या मानेवरचा घाम पुसावासा वाटला. त्याला खरंच काही माहीत नव्हतं.

मग बोटांना वाट सापडली. त्याने डोळे मिटले. चार आवर्तनं झाली आणि त्याने हनुवटी किंचित वर उचलली. गाणाऱ्याला 'आता ये' म्हणायची त्याची ती खूण, मार्लुसियाला द्यायचा ती. आता ती खूण माझ्या खुर्चीपलीकडे गेली, दाराच्या बाजूला, जराशी खाली. उभ्या माणसाला नव्हे, बसलेल्या माणसाला द्यावी तशी.

आवाज काहीच आला नाही. तो मात्र एकेका ओळीखाली सूर अंथरत राहिला, ओळ संपली की थांबत, पुन्हा उचलत. एका ठिकाणी तो इतका वेळ थांबला की गाणं संपलं असं समजून मी बंद करायच्या बटणाकडे हात नेला. डोळे न उघडता त्याने माझं मनगट धरलं, अगदी हळू, घरात कुणी आजारी असावं तसं.

"थांब, एदिलेनी. दम घेऊ दे तिला."

मी हात मागे घेतला. बस सव्वा वाजताची होती, अजून दहा मिनिटं होती. पण दाराकडे जायचं तर त्या बाजूनेच जावं लागलं असतं, म्हणून मी बसून राहिले.