खांब नदीकाठी, हिवाळा डोंगरात

नोरजमानं चहाची पहिली पळी आभाळाला वाहिली आणि रोजच्यासारखं साऱ्यांचं भलं मागितलं. मागून झालं, तरी पाय घराकडे वळेनात. शेजारच्या साऱ्या गेर, ती गोल तंबूघरं, पहाटेच उठल्या होत्या. नमद्याच्या भिंती उंटांवर लादून मंडळी डोंगरातल्या हिवाळी तळाकडे गेली. नदीकाठी उरली तिची एकटीची गेर, अन् विजेचे खांब.

आत तिचा नवरा चेवेगमिद नाकाला नळी लावून बसला होता. फुप्फुसं थकलेली. श्वासाचं ते यंत्र विजेवर चालायचं; इथं खांब होते, म्हणून उन्हाळा तेवढा सुखाचा गेला. डोंगरात वीज नव्हती. छपरावरच्या सौर पत्र्यावर दिवा लागे, फोन चाले. यंत्राला तेवढ्यानं काय होतंय?

तिचा भाचा दाशन्याम जिल्ह्याच्या वीज योजनेत होता. निरोप मिळताच बिचारा जीप घेऊन आला.

"मावशी, गरिबाला परवडेल अशी वीज द्यायची, तर घरं जवळजवळ लागतात. मोजणीला आलो तेव्हा उन्हाळा होता. इथं ओळीनं गेर. आम्ही विचारलं, घर कुठं?"

"आणि मी म्हटलं, समोर दिसतंय ते काय, डोळे फुटले का?" नोरजमा हसली. सगळ्यांनी तेच सांगितलं होतं. गेर उभी तिथं घर. दुसरं काय सांगणार? पहिल्या खांबाला निळं रेशमी वस्त्र तर तिनंच भक्तिभावानं बांधलं होतं.

"अरे, पण तू आमच्यातलाच ना? तुला नाही सुचलं?"

"सुचलं. बोललोही. वरचे म्हणाले, डोंगरात एकेका घळीत एकेक घर, तिथवर तारा ओढल्या तर वीज कुणालाच परवडायची नाही. आणि मावशी, ते काही खोटं नव्हतं."

"मग हे खांब ने वर."

"लाद उंटावर!" चेवेगमिद हसला, आणि त्या हसण्यानंच त्याला धाप लागली.

"मी नाही जात," नोरजमा त्याची पाठ चोळत म्हणाली. "इथंच राहू."

"आणि मेंढ्या?" चेवेगमिद म्हणाला. "इथं ना आडोसा, ना गवत. पहिल्या वादळात आडव्या होतील. मग काय तारा चघळायच्या?"

"काका वसंतापर्यंत माझ्याकडे राहू देत, तिथं वीज आहे," दाशन्याम खाली बघत म्हणाला.

वसंतापर्यंत. नोरजमानं बोटांवर महिने मोजले.

तेवढ्यात बाहेर खुरांचा आवाज झाला. वारा उत्तरेकडून सुटला होता, आणि मेंढ्यांनी कुणाची वाट न पाहता डोंगराची वाट धरली होती. नोरजमानं हाका मारल्या, आडवी धावली. कळप तिला वळसा घालून पुढं गेला. त्यांना कसली योजना अन् कसलं काय!

"जा गं," चेवेगमिद म्हणाला. "लांडगे आहेत वाटेत."

तिनं घोड्यावर मांड टाकली आणि मागं वळून पाहिलं. तो तिला निरोप द्यायला उठला होता; पण नळी दारापर्यंत पुरत नव्हती.