सहावं बोट

कातरबाईंनी सुईत दोरा ओवला, तोही तिसऱ्या खेपेला, आणि समोरच्या मुलीला म्हणाल्या, "हात पुढे कर. डावा."

कातरबाई हे नाव गल्लीने ठेवलेलं. त्या शिवायच्या म्हणून, आणि कातरीसारखं धारदार बोलायच्या म्हणूनही. समोर कापडाच्या गठ्ठ्यावर बसलेली मुलगी दवाखान्यात नर्स होती, त्यांची होणारी सून. कलमा पढून ती आपल्या मनाने मुसलमान झाली होती. चार वाजता मशिदीच्या शाळेतल्या उस्तानी येऊन तिला ईमान कितपत कळलंय ते विचारणार होत्या. आणि कातरबाईंनी त्यांना भर रस्त्यात ऐकवलं होतं, "माझ्या घरची पोर मी शिकवीन. तुमची पुस्तकं राहू द्या कपाटात."

आता पावणेचार झाले होते.

"अंगठा?"

"अल्लाह एक. त्याला जोड नाही."

"पुढचं?"

"फरिश्ते. नूरातून घडवलेले."

"मधलं?"

"आसमानी किताबा. शेवटची कुराण."

"त्याच्या शेजारचं?"

"पैगंबर. पहिले आदम, शेवटचे मुहम्मद, सल्लल्लाहु अलैहि वसल्लम."

"करंगळी?"

"कयामतचा दिवस. सगळे परत उठतील आणि आपापल्या करणीचा जाब देतील."

"झालं. पाच बोटं, पाच गोष्टी."

मुलीने हात मागे घेतला नाही. "अम्मी, पुस्तकात सहा आहेत."

"पुस्तकाला सहा बोटं असतील. माणसाला पाच."

मुलगी हसली, पण हटली नाही. "कलमा, नमाज, रोजा, जकात, हज, ही पाच करायची कामं. मानायच्या गोष्टी सहा. मी तुमच्या मुलालाही विचारलं. तेही पाचच म्हणाले."

कातरबाईंनी टाका घातला तो कापडाऐवजी बोटात. सुई टोचू नये म्हणून घालायचं अंगुस्तान मधल्या बोटावर होतं, सुई शेजारच्या बोटात गेली. पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं. त्यांनी बोट तोंडात घातलं आणि दाराकडे पाहिलं.

लहानपणी आई त्यांना असंच मोजायला लावायची. पाच झाली की आपलं बोट पुढे करायची. "तक्दीर आपल्या हातात नसते, म्हणून ती दुसऱ्याच्या बोटावर मोजायची." पुढे कातरबाईंनीही आपल्या लेकीला तसंच शिकवलं. लेक सहाव्याला आईचं बोट धरायची आणि सोडायचीच नाही. सहा वर्षांची होती. तीन दिवस ताप आला. तापातही बोट तिने धरलेलंच होतं; चौथ्या दिवशी ते आपोआप सुटलं.

मागून झालेल्या मुलाला त्यांनी पाचच शिकवली. दोन डझन वर्षं कोणी विचारलं नाही.

"सहावं काय लिहिलंय, सांग बघू," त्या म्हणाल्या. आवाज कात्रीसारखा निघाला नाही.

"तक्दीर. चांगली आणि..." मुलगी थांबली. भिंतीवर फ्रॉक घातलेल्या मुलीचा एक लहानसा फोटो होता. तिने त्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. "राहू द्या, अम्मी. उस्तानींना मी पाचच सांगते. म्हणेन, विसरले."

"माझ्यासाठी खोटं बोलशील? ईमानाच्या पहिल्याच दिवशी?"

बाहेर कडी वाजली. मुलगी चटकन उठायला गेली.

"बस."

कातरबाईंनी अंगुस्तान काढलं. खालची कातडी पांढरी पडली होती. ते बोट त्यांनी पुढे केलं. मुलीने दोन्ही हातांनी धरलं.

"चांगली आणि वाईट," कातरबाई म्हणाल्या, मग श्वास घ्यायला थांबल्या, "दोन्ही त्याच्याकडूनच."

कडी पुन्हा वाजली.

"उघडंच आहे, या!"

उस्तानी आत आल्या, पिशवी खाली ठेवून मुलीकडे वळल्या. "मग, काय काय शिकवलं सासूने?"

"तिचं झालंय. बसा तुम्ही," कातरबाई म्हणाल्या आणि आतल्या खोलीकडे तोंड करून मुलाला हाक मारली, "अरे ए, बाहेर ये. डावा हात घेऊन ये."

उस्तानींनी भुवई उंचावली.

"त्याचं एक राहिलंय," कातरबाई म्हणाल्या. "माझ्याकडून."